कार्डावरची लेव्हल आधी वाचा, मग बुकिंगचा फॉर्म भरा

नागपुरात स्विमिंग पुलात सराव, मालवणला दोन डाइव्ह, हातात "स्कूबा डायव्हर" असं कार्ड, आणि आता अंदमानातल्या हॅवलॉकच्या बुकिंग फॉर्मात "सर्टिफाइड डायव्हर"वर टिक करून 30 मीटरची साइट निवडू का, हा तुमचा प्रश्न. याच कार्डापायी माझे पैसे आणि एक अख्खा सीझन गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मास्कमधलं पाणी काढणं, कान मोकळे करणं तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

नुसती टिक करून मोकळं होऊ नका. "स्कूबा डायव्हर" ही "ओपन वॉटर" या पहिल्या पूर्ण कोर्सच्या खालची, वेगळी लेव्हल आहे. पॅडी (अशी कार्डं देणारी डायव्हिंग संस्था) हिच्या हिशोबात ती 12 मीटरपर्यंत आणि कायम डाइव्हमास्टर (व्यावसायिक गाइड) किंवा इन्स्ट्रक्टर सोबत असेल तरच. ओपन वॉटर डायव्हर 18 मीटरपर्यंत आपल्याच लेव्हलच्या बडीसोबत (जोडीदारासोबत), गाइडशिवाय उतरू शकतो. आयएसओच्या 24801 मानकातही हेच दोन वेगळे भाग आहेत, पहिला देखरेखीखालच्या डायव्हरचा आणि दुसरा स्वतंत्र डायव्हरचा. म्हणजे 30 मीटरची साइट तुमच्या कार्डावर बसतच नाही. तुमचं कार्ड खोटं नाही, पण कोर्स अर्धा झालाय. ओपन वॉटरला पुलातली पाच सत्रं आणि समुद्रातल्या किमान चार डाइव्ह लागतात. स्कूबा डायव्हरला पुलातली पहिली तीन आणि समुद्रातल्या पहिल्या दोन.

आता जिथे सगळं अडतं ते. फी ओपन वॉटरची घ्यायची, समुद्र खवळला म्हणून दोन डाइव्ह झाल्यावर परत पाठवायचं, "बाकीच्या नंतर करू" म्हणायचं आणि न विचारता खालच्या लेव्हलचं कार्ड काढून द्यायचं, हा प्रकार माझ्यासोबत झाला, तुमच्यासोबतही तोच झालेला दिसतो. समुद्र कोणाच्या हातात नाही, त्याचा राग नाही. राग आहे तो कागदाचा. नागपूरचं ऑफिस म्हणे किनाऱ्यावर विचारा, किनाऱ्यावरचे म्हणत तो इन्स्ट्रक्टर आता आमच्याकडे नाही. मागत होतो एकच गोष्ट, रेफरल फॉर्म. तो शेवटपर्यंत दिला नाही.

रेफरल फॉर्म म्हणजे तुमच्या अर्धवट कोर्सचा हिशोब. थिअरीचा प्रत्येक भाग, पुलातलं प्रत्येक सत्र, प्रत्येक डाइव्ह, समोर तारीख, इन्स्ट्रक्टरची सही आणि त्याचा सदस्य क्रमांक. एका ओळीत जरी क्रमांक नसला तरी दुसरं सेंटर ती ओळ धरत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. न पाहिलेल्या सरावाची जबाबदारी कोणी का घ्यावी? पॅडीत हा फॉर्म शेवटचा भाग पूर्ण झाल्यापासून 12 महिने चालतो. दुसऱ्या संस्थांची मुदत वेगळी असू शकते, सेंटरला विचारून घ्या. फॉर्म नाही, मुदत गेली, तर पूल पहिल्यापासून आणि पैसेही पहिल्यापासून. म्हणून पुलाच्या शेवटच्या दिवशी, अंग पुसायच्याही आधी, फॉर्मवर सह्या घेऊन त्याचा फोटो काढा. "ऑनलाइन टाकलंय" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तुमच्या हातात निदान कार्ड आहे, त्यामुळे वाट सोपी आहे. हॅवलॉकच्या सेंटरला "स्कूबा डायव्हरवरून ओपन वॉटर अपग्रेड" असं स्पष्ट विचारा. राहिलेली थिअरी नागपुरात घरी बसून ऑनलाइन होते. तिकडे पुलातलं चौथं-पाचवं सत्र (उथळ, शांत समुद्रातही घेतात) आणि तिसरी-चौथी डाइव्ह, साधारण दोन दिवस. 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं इथल्याच पुलात पक्कं करून जा. वेळेचं बंधन नाही, घाईत दम लागतो म्हणूनच लोक अडकतात. आणि पुलातलं वजन समुद्रात पुरत नाही. खाऱ्या पाण्यात, वेटसूट घातल्यावर काही किलो जास्त लागतात, तेव्हा पहिल्याच डाइव्हला वजन नीट तपासून घ्या.

मी इन्स्ट्रक्टर नाही. पुढचं माझं मत आहे, पटलं तर घ्या.

डायव्हिंगमधली बिरुदं फार फसवी आहेत. अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटरला पाच डाइव्ह लागतात, त्यात खोल डाइव्ह आणि नॅव्हिगेशन सक्तीच्या. म्हणजे एकूण नऊ-दहा डाइव्ह झालेला माणूसही "अ‍ॅडव्हान्स्ड" असतो आणि 30 मीटरला जायला मोकळा. कागदावर बरोबर, पाण्यात मात्र त्याला एका खोलीवर स्थिर तरंगणं अजून जमलेलं नसतं, फिन्स वाळू उडवत असतात. "मास्टर स्कूबा डायव्हर" ऐकून लोक त्याला गाइड समजतात. ती हौशी डायव्हरचीच वरची पायरी आहे, रेस्क्यू, पाच स्पेशालिटी आणि 50 डाइव्ह. डाइव्हमास्टर ही व्यावसायिक पायरी, वेगळी. नायट्रॉक्स म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजनचं मिश्रण; "नायट्रॉक्स डायव्हर" म्हणजे खोल जाणारा, हा तर उलटाच समज आहे. 32 टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर, ऑक्सिजनच्या दाबाच्या 1.4 बारच्या मर्यादेत, साधारण 33 मीटरच्या खाली जायचं नसतं, 36 टक्क्यांवर 28 मीटरच्या आसपासच थांबायचं. फायदा आहे तो तळाशी जास्त वेळ मिळण्याचा. टेक्निकल डायव्हिंग म्हणजे डिकम्प्रेशनचे थांबे (अंगात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबणं) घ्यावे लागणारं, सरळ वर येण्याची सोय नसलेलं डायव्हिंग. चार रंगीत होज लावून फोटो काढला म्हणून कोणी टेक डायव्हर होत नाही.

म्हणून स्वतःची ओळख लेव्हलवर थांबवू नका. फॉर्ममध्ये शेरा लिहायला जागा असते, तिथे असं लिहा: "स्कूबा डायव्हर, 2 डाइव्ह, कमाल खोली 8 मीटर, शेवटची डाइव्ह मार्चमध्ये मालवणला, करंट आणि बोटीवरून उडीचा अनुभव नाही." आकडे तुमच्या लॉगबुकातले टाका. अशी ओळ वाचली की सेंटर तुम्हाला योग्य ग्रुपमध्ये टाकतं. चुकीच्या ठिकाणी टिक केली की तुम्ही 25 मीटरवाल्यांच्या बोटीवर जाता, मग एकतर बोटीवरच बसून राहता, नाहीतर भिडेखातर उतरता. दुसरं जास्त वाईट.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट. फुटाळा किंवा अंबाझरी तलावात कोणी बुडालं की "तू तर डायव्हर ना बे" म्हणून फोन येतो. जाऊ नका. शून्य दिसणारं पाणी, गाळ, जलपर्णीच्या मुळ्या, याचं प्रशिक्षण हौशी कार्डात नसतं. ते शोधपथकाचं काम आहे, त्यांची दोरी, ती वर धरून असलेला माणूस, त्यांचे इशारे सगळंच वेगळं.

आणि परतीचं. दिवसाला अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी किमान 18 तास कोरडे ठेवा, एकच डाइव्ह असेल तर 12. मालवणहून गाडीने येणारे हे विसरतात. आंबोली घाट सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, आणि 600 मीटरच्या वर चढणं विमानाच्याच नियमात धरतात. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढू नका, रात्री सावंतवाडीत थांबा.

आता लगेच करायचं ते: जुन्या ऑफिसला फोन नाही, मेल टाका. विषयात कोर्सचं पूर्ण नाव, खाली फी भरल्याची पावती, आणि एकच मागणी, पुलातल्या व समुद्रातल्या सत्रांचा सही-क्रमांकासहित रेफरल फॉर्म. आठवड्यात उत्तर नाही आलं तर तोच मेल ज्या संस्थेचं कार्ड आहे तिच्या कार्यालयाला पाठवा. हॅवलॉकचं बुकिंग तोपर्यंत अपग्रेड म्हणूनच करून ठेवा.