उतारा कळतो, तरी उत्तर का चुकतं?

नोकरी, शेती, घर सांभाळून पदवी पूर्ण करणाऱ्या वाचकांची या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची आहेत, काही इग्नूच्याही. सगळ्यांची अडचण एकच : इंग्रजीच्या पेपरातला न पाहिलेला उतारा. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे, वय 41. उताऱ्यातला प्रत्येक अडलेला शब्द शब्दकोशात बघते आणि वर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिते. सगळे अर्थ लिहून झाले तरी वाक्य काय म्हणतंय ते कळत नाही. माझं काय चुकतंय? (एक वाचक, सिन्नर)

ताई, तुमचे शब्द चुकत नाहीत, जोडणी सुटते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. शिवाय मराठीत आपण नामाची माहिती नामाच्या आधी सांगतो : 'आजोबांनी खणलेली विहीर'. इंग्रजीत आधी विहीर येते आणि ती कुणी खणली हे नंतर. त्यामुळे शब्दांवर ओळीने मराठी अर्थ लिहीत गेलं की विटा जमतात, पण भिंत उभी राहत नाही.

साठेक शब्दांचा एक उतारा सरावासाठी रचला आहे. उच्चार देवनागरीत देतो. मोठ्याने वाचा आणि मग इंग्रजी स्पेलिंगसह वहीत उतरवून घ्या.

'रामदास लिव्ह्ज अ‍ॅट द एंड ऑफ द व्हिलेज. द वेल बिहाइंड हिज हाऊस, विच हॅड बीन डग बाय हिज ग्रँडफादर, वॉज हार्डली यूज्ड आफ्टर द पाइपलाइन केम. स्टिल, द फॅमिली डिड नॉट क्लोज इट. वन समर, व्हेन द टँकर्स स्टॉप्ड कमिंग, इट वॉज द ओन्ली सोर्स लेफ्ट, अँड द नेबर्स हू हॅड लाफ्ड अ‍ॅट देम स्टूड इन लाइन बिफोर सनराइज.'

दुसरं वाक्य घ्या. दोन स्वल्पविरामांमधला 'विच'पासून 'ग्रँडफादर'पर्यंतचा तुकडा पेन्सिलीने चौकटीत टाका आणि तो नाहीच असं समजून वाक्य वाचा : घरामागची विहीर पाइपलाइन आल्यावर हार्डली वापरली गेली ('हार्डली'चा अर्थ पुढच्या उत्तरात बघू). वाक्याचा कणा एवढाच. आता चौकट उघडा. 'विच' कुणाबद्दल आहे? त्याच्या लगेच आधी 'हाऊस' आहे, म्हणून घाईत वाचणारा म्हणतो की घर आजोबांनी बांधलं. पण 'डग' म्हणजे खणली, आणि घर कुणी खणत नाही. तेव्हा 'विच' म्हणजे विहीर. प्रत्येक लांब वाक्यात आधी मुख्य क्रियापद शोधायचं, मग ते कुणाचं हे विचारायचं, आणि चौकटीतला तुकडा शेवटी जोडायचा.

शेवटच्या वाक्यात हीच युक्ती 'हू'साठी लावा. 'नेबर्स' हा कर्ता, त्याचं क्रियापद 'स्टूड'. मधलं 'हू हॅड लाफ्ड अ‍ॅट देम' म्हणजे 'त्यांना हसलेले'. मराठीत जोडून म्हणा : त्यांना हसलेले शेजारी सूर्योदयाआधी रांगेत उभे राहिले. वाक्य मराठीच्या रचनेत सहज बसलं की समजा, कळलं.

शब्दकोश सोडू नका, फक्त त्याची जागा बदला. पहिल्या वाचनात तो बंदच ठेवा आणि अडलेल्या शब्दाखाली नुसती रेघ मारा. सगळी उत्तरं लिहून झाल्यावरच उघडा, आणि एका उताऱ्यामागे पाचपेक्षा जास्त शब्द बघू नका : ज्यांच्यामुळे एखादं उत्तर अडलं तेच, आणि पुन्हा पुन्हा आलेले. वाक्याच्या मधोमध मोठ्या अक्षराने सुरू होणारा अनोळखी शब्द बहुधा माणसाचं किंवा गावाचं नाव असतो, तो शोधत बसू नका. वहीत शब्द त्याच्या पूर्ण वाक्यासकट लिहा, कारण परीक्षेत तो एकटा भेटत नाही.

प्रश्न : 'ट्रू की फॉल्स' मध्ये माझे हमखास गुण जातात. उतारा समजलेला असतो, तरी! (एक वाचक, मंगळवेढा)

उतारा समजलेला असतो, पण वाक्यातला लपलेला नकार निसटतो. मराठीत 'नाही' ठसठशीत असतं आणि शेवटी येतं. इंग्रजीत तो नकार असा मध्येच, 'नॉट' न वापरता बसलेला असतो.

वरच्या उताऱ्यातलं 'हार्डली' बघा. 'हार्ड' म्हणजे कठीण, म्हणून 'हार्डली' म्हणजे 'कष्टाने' असं पुष्कळ जण धरतात आणि विहीर कष्टाने वापरली जायची असा अर्थ काढतात. खरा अर्थ 'क्वचितच, जवळजवळ नाहीच'. आता विधान आलं : पाइपलाइन आल्यावर कुटुंबाने विहीर कधीच वापरली नाही. हे चूक, कारण 'हार्डली' म्हणजे 'नेव्हर' नव्हे. दुसरं विधान : पाइपलाइन आल्यावरही कुटुंब विहीर पूर्वीइतकीच वापरत होतं. हेही चूक. एकाच शब्दावर दोन सापळे.

हे शब्द एका पानावर लिहून भिंतीला लावा : हार्डली, बेअरली, सेल्डम, रेअरली, नायदर, अनलेस, विदाउट. 'अनलेस' मध्ये 'नाही' आणि 'तर' दोन्ही आहेत : 'अनलेस इट रेन्स' म्हणजे पाऊस पडला नाही तर. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कुणी आलं नाही, आणि 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे काही जण आले. एका 'अ'ने अर्थ फिरतो. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही तसंच. 'टू टायर्ड टू वॉक' मध्ये तर नकाराचा शब्दच नाही, तरी अर्थ 'इतका थकला की चालवेना'.

विधानांमध्येही 'ऑल', 'ऑल्वेज', 'नेव्हर', 'ओन्ली' दिसले की थांबा आणि त्यांच्याखाली रेघ मारा. उताऱ्यात 'मेनी' असेल आणि विधानात 'ऑल', तर ते विधान पडतं. 'मे' आणि 'मस्ट' यांचीही अशीच अदलाबदल केलेली असते.

प्रश्न : उत्तर उताऱ्यात स्पष्ट दिसतं, मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवतो, तरी पूर्ण गुण मिळत नाहीत. का? (एक वाचक, पैठण)

कारण उताऱ्यातलं वाक्य प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलेलं नसतं. 'हू डग द वेल?' या प्रश्नाला 'विच हॅड बीन डग बाय हिज ग्रँडफादर' असं लिहिलं तर ते अर्धवट वाक्य झालं. उत्तर हवं 'रामदासेस ग्रँडफादर डग द वेल'. उत्तराची सुरुवात प्रश्नातूनच उचलायची सवय लावा.

प्रश्नात 'डिड' असेल तर उत्तरात तो गळतो आणि क्रियापद भूतकाळात जातं. 'व्हाय डिड द नेबर्स स्टँड इन लाइन?' याचं उत्तर 'द नेबर्स स्टूड इन लाइन बिकॉज द टँकर्स हॅड स्टॉप्ड कमिंग'. 'डिड स्टँड' किंवा 'डिड स्टूड' लिहिलं की गुण कापतात. 'व्हाय' ला 'बिकॉज', 'हाऊ' ला बहुतेकदा 'बाय' आणि पुढे 'आयएनजी' चं रूप. उतारा 'आय' आणि 'माय' मध्ये लिहिलेला असेल तर उत्तरात 'द रायटर', 'हिज' किंवा 'हर' करा. नाहीतर ती गोष्ट तुमचीच होते.

'इट' आणि 'दे' उत्तरात ठेवू नका, त्यांच्या जागी नाव घाला. मराठीत तो, ती, ते यांवरून वस्तू ओळखता येते. इंग्रजीत विहीर, नळ, घर सगळ्यांना 'इट'. म्हणून वाचतानाच प्रत्येक 'इट', 'देम', 'धिस' पासून मागे बाण काढा. आपल्या उताऱ्यात 'देम' म्हणजे कोण? टँकर नव्हे, शेजारी नव्हे, रामदासचं कुटुंब.

प्रश्न : ऊस आणि ठिबकवर उतारा आला होता. मी स्वतः ऊस लावतो, तरी त्याच उताऱ्यात सर्वात कमी गुण! (एक वाचक, श्रीरामपूर)

तुम्ही उत्तरं शेतातून दिलीत, उताऱ्यातून नाही. प्रौढ विद्यार्थ्याचं जगाचं ज्ञान ही मोठी पुंजी आहे, ती वाचायला मदत करते. पण उत्तर मात्र कागदावरच्या ओळीवरच उभं राहिलं पाहिजे. लेखकाने पाणीबचतीचं एकच कारण दिलं असेल तर तुम्हाला ठाऊक असलेली चार कारणं लिहू नका, ती खरी असली तरी. सरावात प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहा. क्रमांक सापडला नाही तर उत्तर खोडा.

अनुमानाच्या प्रश्नालाही हाच नियम, फक्त तिथे दोन ओळी जोडाव्या लागतात. शेजारी का हसले, हे आपल्या उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही. पण विहीर फारशी वापरात नव्हती ही एक ओळ आणि कुटुंबाने ती बुजवली नाही ही दुसरी. दोन्ही जोडल्या की कारण हाती येतं : बिनवापराची विहीर सांभाळतात म्हणून.

प्रश्न : उताऱ्यावरच अर्धा पेपर जातो. वेळेचा हिशेब कसा ठेवावा? (एक वाचक, डोंबिवली)

प्रश्नपत्रिकेवरची मिनिटं भागिले गुण. पेपर तीन तासांचा आणि 80 गुणांचा असेल तर एका गुणाला सव्वादोन मिनिटं, म्हणजे 10 गुणांच्या उताऱ्याला सुमारे 22 मिनिटं. त्यातली 3 मिनिटं आधी प्रश्न वाचायला आणि प्रत्येक प्रश्नातल्या मुख्य शब्दाखाली रेघ मारायला. 6 मिनिटं उतारा एकदा सलग वाचायला, 10 लिहायला, उरलेली 3 तपासायला. समानार्थी शब्दाचा प्रश्न अडला तर तिथेच ठिय्या देऊ नका. जागा सोडून पुढे जा. शीर्षकाचा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवा, आणि तुमचं शीर्षक प्रत्येक परिच्छेदाला लागू पडतं का ते बघा. एकाच परिच्छेदाला लागू पडत असेल तर ते अपुरं आहे.

घरी मोबाइलवर घड्याळ लावून सराव करा. पहिले दोन आठवडे वेळ दीडपट धरा, मग कमी करत आणा.

प्रश्न : सरावाला उतारे कुठून आणू? रात्रपाळी असते, दिवसाला अर्धा तासच मिळतो. मोबाइलवरचं भाषांतर वापरलं तर चालेल का? (एक वाचक, चाकण)

बालभारतीची इंग्रजीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सहावीपासून सुरुवात करा. वयाचा संकोच नको, तिथली वाक्यं स्वच्छ असतात. एका पानावर 15 पेक्षा जास्त शब्द अडले तर एक इयत्ता खाली या, 5 पेक्षा कमी अडले तर वर जा. आठवीच्या पुस्तकात सरळ वाचता येऊ लागलं की मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या. अभ्यासकेंद्रावर चौकशी केली तर त्या बहुधा मिळतात.

अर्धा तास असा वाटा : 20 मिनिटांत एक उतारा आणि त्याची उत्तरं, 10 मिनिटं चुकांना. चुकीचं उत्तर नुसतं दुरुस्त करू नका. त्यापुढे चुकीचं कारण एका शब्दात लिहा : नकार, 'इट', काळ, घाई. दोन आठवड्यांनी वही उघडली की कोणता शब्द जास्त वेळा आलाय ते दिसेल. पुढचे आठ दिवस त्यावरच काम करा.

भाषांतर चालेल, पण शेवटी. आधी उताऱ्याचा मथितार्थ दोन ओळींत स्वतःच्या मराठीत लिहा, मग मोबाइलवरच्या भाषांतराशी ताडून बघा. दोन्हींत फरक पडला तर बहुतेक वेळा चूक तुमची असेल, पण मशीनही 'इट' आणि 'दे'ला चुकीचं लिंग लावू शकतं. म्हणून मूळ वाक्याकडे परत जा आणि क्रियापद कुणाचं ते पुन्हा शोधा. रात्रपाळीवरून आल्यावर डोळे मिटत असतील तर त्या दिवशी नवा उतारा घेऊ नका, कालचाच उतारा मोठ्याने दोनदा वाचा.