१ मेचा दिनविशेष

मस्कत, १८ एप्रिल

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

१ मेचा दिनविशेष फळ्यावर लिहायचं काम तुझ्याकडे आलंय आणि तू विचारतोस, महाराष्ट्राच्या एवढ्या गोष्टी त्याच तारखेला कशा घडल्या? अरे, बहुतेक त्या तारखेला मुद्दाम घडवून आणल्या.

मूळ १९६० चं. १ नोव्हेंबर १९५६ पासून मराठी आणि गुजराती मुलूख एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. संसदेने कायदा करून त्याची दोन राज्यं केली आणि ती कधीपासून, तेही कायद्यातच लिहिलं: १ मे १९६०. तेव्हा फळ्यावर 'महाराष्ट्र व गुजरात राज्यांची स्थापना' असं लिही, गुजरात गाळू नकोस. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, हे बरोबर. पण ते त्या दिवशी पहिल्यांदाच मुख्यमंत्री झाले, असं लिहू नकोस. द्वैभाषिकाचे मुख्यमंत्रीही तेच होते.

राज्याचा वाढदिवस ठरल्यावर सरकारला आयता मुहूर्त मिळाला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कायदा १९६१ चा असल्यामुळे इथे वर्षाची गल्लत हमखास होते. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना वेगळा झाला (नाव तेव्हाचंच लिही, कंसात आजचं छत्रपती संभाजीनगर). १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. स्थापनेच्या वेळी जिल्हे २६ होते, आज ३६. वाढलेल्या दहांपैकी हे चार १ मेचे. म्हणून सगळेच नवे जिल्हे त्या दिवशीचे धरू नकोस. लातूर १६ ऑगस्ट १९८२ चा, पालघर १ ऑगस्ट २०१४ चा.

कामगार दिन मात्र महाराष्ट्राच्या कितीतरी आधीचा. १ मे १८८६ ला अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी मोठा संप सुरू झाला, त्याची ती आठवण. भारतात तो पहिल्यांदा १९२३ मध्ये मद्रासला पाळला गेला. यादी वर्षांच्या क्रमाने लिहिलीस तर हे दोन आधी येतील, मग राज्यस्थापना.

एक चूक बहुतेक मुलं करतात. १ मेला हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहतात, म्हणून फ्लोरा फाउंटनचा गोळीबारही त्याच दिवशीचा समजतात. तो २१ नोव्हेंबर १९५५ चा. ती तारीख कोणी मुहूर्त बघून काढलेली नव्हती. तिचा दिनविशेष वेगळा लिहायचा, नोव्हेंबरात.

फळ्यावर जागा पुरली नाही तर आधी १९९९ ची ओळ काढ, मग १९६२ ची. सिंधुदुर्गला हात लावू नकोस, आजी फोनवरून मलाच बोलेल.

तुझा,
बाबा