नंबर नीट लावा, मग बोलू

जानेवारी २०२६मध्ये पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकल शर्यत झाली, लोकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून परदेशी रायडर डोळे भरून पाहिले, आणि तेव्हापासून या सदराच्या टपालाचा रंगच बदललाय. पूर्वी चेन का उतरते, गिअर का खरखरतो, अशी पत्रं यायची. आता निम्मी पत्रं कपड्यांची. माझं दुकान सायकल दुरुस्तीचं, शिंप्याचं नव्हे. पण तरुणपणी बारा वर्षं शर्यती केल्या आणि पुढे स्थानिक शर्यतींत स्टार्टला नंबर तपासायचं काम गळ्यात पडलं, ते अजून सुटलेलं नाही. माणसं पहाटे साडेपाचला काय काय घालून येतात, ते मी पाहिलंय. त्या जोरावर ही उत्तरं.

पुढच्या महिन्यात माझी पहिलीच शर्यत आहे, ६० किलोमीटरची. बिब शॉर्ट्स, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेली तंग चड्डी, घेतली आहे. मित्र म्हणतो, आत अंडरवेअर घालायची नसते. तो माझी खेचतोय का? आणखी काय सांभाळू? (वय २२, चिंचवड)

खेचत नाहीये. आतली चड्डी घरी ठेव. शॉर्ट्सच्या आतलं पॅड थेट अंगाला लागावं म्हणूनच बनवलेलं असतं. मध्ये सुती चड्डी आली की ती घाम धरून ठेवते, तिच्या शिवणी नेमक्या खोगिराखाली येतात आणि चाळिसाव्या किलोमीटरला तू मला शिव्या देशील.

तुमचं पॅड तरी मऊ असतं रे. आमच्या वेळी आत खऱ्या चामड्याचा तुकडा शिवलेला असायचा. माझी पहिली शॉर्ट्स आईनं मिरजेत विहिरीवर कपड्याच्या साबणानं धोपटून, पिळून भर उन्हात वाळत घातली. संध्याकाळी बघतो तर पापड. शब्दशः पापड, बोटानं वाजवला तर टणटण आवाज. रात्रभर खोबरेल चोळत बसलो होतो. तू फक्त एवढं कर: प्रत्येक वेळी धू, उलटी करून सावलीत वाळव आणि नवी कोरी शॉर्ट्स शर्यतीच्याच दिवशी पहिल्यांदा घालू नकोस.

शॉर्ट्स जुनी झाली की आरशाकडे पाठ करून, वाकून बघत जा. लायक्रा बसण्याच्या जागी विरते आणि वाकलं की आरपार दिसतं. तुला ते कळत नाही, कारण तू पुढे बघत असतोस. तुझ्या मागच्या चाकाला चिकटून जो तासभर सायकल चालवतोय, त्याला मान वळवायलाही जागा नसते. शर्यतीतले निम्मे कपड्यांचे नियम त्या मागच्या माणसासाठी आहेत असं समज. उरलेले पंचांसाठी.

पंचांसाठीचा सगळ्यात मोठा म्हणजे नंबर. जागतिक संघटनेच्या नियमात पाठीवरचा नंबर १८ सेंटिमीटर उंच, १६ रुंद. आपल्याकडे थोडं इकडंतिकडं चालतं, पण तो घडी घालून, कडा कापून किंवा जाहिरात दुमडून छोटा करायचा नाही. कुठल्या कुशीवर लावायचा ते आयोजकांना विचार. फिनिशला पंचांचं टेबल किंवा कॅमेरा ज्या बाजूला असतो, त्या बाजूनं तो वाचता आला पाहिजे. लावताना सरळ उभा राहू नकोस. सायकलवर बसल्यासारखा वाक आणि दुसऱ्याला लावायला सांग. उभ्यानं लावलेला नंबर सायकलवर बसलं की ताणला जातो आणि पिना कापड फाडतात. चार कोपऱ्यांना चार पिना, जमलं तर कडांच्या मध्येही एकेक. नाहीतर तो शिडासारखा फुगतो आणि फडफडून तुझंच डोकं उठवतो.

आणि पिना जर्सीच्या पाठीवरच्या खिशातून आरपार घालू नकोस. पहिल्या शर्यतीत माझ्याच मामेभावानं माझा नंबर लावला, तिन्ही खिशांसकट. आत केळी होती. पन्नास किलोमीटर मी ती चाचपत होतो. पोटात आग पडलेली आणि केळी कुलपात. शेवटी त्याच पिनांनी नंबर सुरकुतला, फिनिशला पंचांना वाचता आला नाही आणि माझं नाव निकालात आलंच नाही. भांडलो नाही. भांडणार कोणाशी, मामेभावाशी?

चुकून १३ नंबर मिळाला तर घाबरू नकोस. दोन नंबर लावायचे असतील तर त्यातला एक उलटा लावायची युरोपातली जुनी रीत आहे आणि तिकडचे पंच त्याकडे कानाडोळा करतात. आपल्याकडचे करतीलच असं नाही, आधी विचारून घे.

मी हौशी रायडर. ऑनलाइन पिवळी जर्सी घेतली, टूर द फ्रान्सची असते तशी. ग्रुपमधले म्हणतात, जिंकल्याशिवाय घालता येत नाही. पैसे माझे, जर्सी माझी, मग नियम कोणाचा? (कोथरूड)

सिंहगडाला जायचं असेल तर खुशाल घाला, कोणी अडवणार नाही. शर्यतीत मात्र नको. शर्यत टप्प्याटप्प्यांची असेल आणि आयोजकांनी पुढे असणाऱ्याला पिवळी दिली असेल, तर घोळक्यात दोन पिवळ्या झाल्या की पंचांचा, समालोचकाचा आणि बाकी रायडरांचाही गोंधळ. या जर्सीचा जन्मच ओळखू येण्यासाठी झालाय. १९१९च्या टूरमध्ये मध्यावर युजीन ख्रिस्तोफ नावाच्या रायडरला ती पहिल्यांदा दिली, म्हणजे धुळीनं माखलेल्या माणसांत पहिला कोण ते लोकांना दिसावं. रंग पिवळा, कारण शर्यत भरवणारं वर्तमानपत्र ‘लोटो’ पिवळ्या कागदावर छापलं जायचं. इटलीतल्या जिरो शर्यतीची गुलाबी जर्सी १९३१ची, तीही ‘गाझेट्टा’ वर्तमानपत्राच्या गुलाबी कागदावरून. लोकांनी ख्रिस्तोफला कॅनरी म्हणून चिडवलं म्हणतात. त्याच शर्यतीत पुढे त्याच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, तुटला आणि पिवळी हातची गेली. १९१३मध्येही फोर्क तुटला होता. तेव्हा त्यानं डोंगर उतरून गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः घण मारून तो जोडला आणि भाता एका पोरानं ओढला म्हणून वर दंड खाल्ला. माझ्या दुकानात कोणी ‘फोर्क बदलायला दोन दिवस?’ म्हणून वैतागलं की मी हा माणूस आठवतो.

एका बाबतीत मी तुमच्या ग्रुपच्या बाजूनं आहे: छातीवर निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे पट्टे असलेली पांढरी जर्सी. ती जगज्जेत्याची. तो स्वतःसुद्धा ती फक्त किताब हातात असेपर्यंत आणि ज्या प्रकारात जिंकलाय त्याच प्रकारात घालतो. पुढे आयुष्यभर कॉलर आणि बाह्यांच्या कडेला तेवढी रंगीत पट्टी. ती दुकानातून आणून घालणं म्हणजे आपणच आपल्या गळ्यात पदक अडकवणं. व्यावसायिक संघांच्या जर्सींवरून लोक नाकं मुरडतात, त्यांना मुरडू द्या. क्रिकेटच्या मैदानावर सगळी पोरं भारताची जर्सी घालतात, तिथं कोण विचारतं?

मुलगी सोळा वर्षांची, सायकल शर्यतीत चांगली चालते. पण त्या तंग चड्डीवरून भावकीत बोलणं होतं. सासूबाई म्हणतात, सलवार घालून चालव. काय करावं? (बारामती तालुका)

ताई, सलवार नको, हे मी हात जोडून सांगतो. कपडा तंग असतो तो दाखवायला नाही, अडकू नये म्हणून. सैल पायघोळ पुढच्या दात्यात गेला की पाय, पेडल आणि चेन एक होतात. सैल मांडी खोगिराच्या नाकाला अडकली तर उभं राहून पेडल मारणारी पोर तोल जाऊन पडते, आणि मागून पन्नास जणं येत असतात. ओढणी तर चाकात जायला टपलेलीच असते.

मधला मार्ग आहे. शॉर्ट्सच्या कडेखालून चढवायचे लायक्राचे लेग वॉर्मर मिळतात, घोट्यापर्यंत पाय झाकतात. काळे घ्या. थंडीच्या शर्यतीत मोठमोठे रायडर तेच घालतात, कुणाला वेगळं वाटणार नाही. स्टार्टला बोलावेपर्यंत वरून ट्रॅकपँट, शर्यत संपली की लगेच परत ट्रॅकपँट. ती धरून उभं राहायचं काम वडिलांना द्या. माझा अनुभव आहे, ज्याच्या हातात पोरीची ट्रॅकपँट आणि पाण्याची बाटली असते, तो बाप भावकीशी स्वतःच बोलतो. हेल्मेटखाली केसांवर पातळ टोपी किंवा रुमाल बांधायला हरकत नाही, फक्त गाठ मागे, सपाट. जर्सी बाह्यांचीच हवी. बिनबाह्यांची तशीही नियमात बसत नाही.

सासूबाईंना एक गोष्ट सांगा. इंग्लंडात १८९०च्या दशकात रस्त्यावरच्या शर्यतींवरून इतकी बोंब झाली की सायकलवाल्यांच्या संघटनेनंच त्यांना मनाई केली. तेव्हा बिडलेक नावाच्या माणसानं १८९५मध्ये युक्ती काढली: एकेकानं सुटायचं, पहाटे, नंबर न लावता, आणि कपडे गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे, अल्पाका कापडाचे. का, तर गावातल्या लोकांना कळूच नये की शर्यत चाललीय. पुढे रस्त्यांनासुद्धा सांकेतिक अक्षरं आणि आकडे. म्हणजे लोक काय म्हणतील या भीतीनं तिकडच्या मिशाळ पुरुषांनी पाय झाकले होते. तुमची पोर त्या मानानं धीट आहे.

आम्ही १९७०च्या सुमारास डोक्याला साधी कापडी टोपी घालून घाट उतरलो, काही झालं नाही. आता नातवाला हेल्मेटशिवाय स्टार्टलाही उभं राहू देत नाहीत. हे लाड कशाला? (सांगली)

नाना, मीही उतरलोय. कापडी टोपी, नाहीतर चामड्याच्या वळ्यांची ती जाळी. तिनं डोकं वाचायचं नाही, फक्त केस जागेवर राहायचे. युरोपातले व्यावसायिकही असेच म्हणायचे. १९९१मध्ये सक्ती करायचा प्रयत्न झाला तेव्हा त्यांनी संप केला. मग मार्च २००३मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला, डोक्याला मार लागला, दुसऱ्या दिवशी गेला. एकोणतीस वर्षांचा. त्याच वर्षी मे महिन्यात सक्ती आली. सुरुवातीला शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढायची मुभा होती, नंतर तीही गेली.

आपल्याला काही झालं नाही, आणि ज्यांना झालं ते पत्रं लिहीत नाहीत. नातवाचा पट्टा तेवढा तपासा. हनुवटीखाली दोन बोटं जावीत, चार नाही. मी स्टार्टला पट्टा ओढून बघतो, तेव्हा दहातल्या दोघांचं हेल्मेट टोपीसारखं मागे घसरतं.

डिसेंबरात पहाटे सुरू होणाऱ्या शर्यतीत थंडी वाजते, तासाभरात उकडतं. जॅकेट घालू की नको? (सातारा)

जॅकेट नको. ते नंबर झाकतं, आणि घोळक्यात दोन्ही हात सोडून ते काढणाऱ्या माणसाशेजारी मला चालवायचं नाही. आर्म वॉर्मर घ्या. पैसे नसतील तर फुटबॉलचे जुने लांब मोजे पंज्याच्या बाजूनं कापा आणि बाहीसारखे चढवा, उकडलं की मनगटापर्यंत ढकला. कापलेले म्हणून वाटेत फेकून देऊ नका, पुढची थंडी आहेच.

घाट उतरायचा असेल तर वर्तमानपत्र. जर्सीच्या आत, छातीवर, दुहेरी पान. पसरणी घाट उतरताना मी हे कायम करायचो. एकदा वाईत पोचून आंघोळीला बसलो तर छातीवर लग्न जुळवायच्या जाहिराती उलट्या उमटलेल्या. शाई दोन दिवस गेली नाही.

पायावरचे केस काढावेच लागतात का? (नाव नको म्हणतात)

नाही. पडल्यावर मलमपट्टी काढताना आणि मालिश करताना सोपं जातं, म्हणून काढतात. तुम्ही महिन्याला एक शर्यत करता. राहू द्या.

मोज्यांच्या उंचीचाही नियम असतो म्हणे! (नाशिक)

असतो. घोटा आणि गुडघ्याखालचं बाहेरचं हाड, यांच्या अंतराच्या निम्म्याच्या वर मोजा जाता कामा नये. उंच, खरबरीत कापडाचे मोजे वारा कापायला मदत करतात, म्हणून. आपल्या गावच्या शर्यतीत पट्टी घेऊन कोणी बसत नाही, आणि बसलं तर मी त्याच्याशी भांडेन.

शर्यत जिंकताना जर्सीची चेन वर ओढून घ्यायची असते असं ऐकलं. खरं? (वय १९, अहिल्यानगर)

व्यावसायिक ओढतात, कारण छातीवर पैसे देणाऱ्याचं नाव असतं आणि उद्याच्या फोटोत ते सरळ दिसायला हवं. तुझ्या जर्सीवर कोणाचं नाव आहे? काकांच्या हार्डवेअर दुकानाचं असेल तर ओढ, पण आधी मागे बघ. काही वर्षांपूर्वी एका पोरानं शेवटच्या वीस मीटरवर दोन्ही हात सोडले, चेन गळ्यापर्यंत लावली, केसही सारखे केले. मी टेबलावरच होतो. फिनिशच्या फोटोत त्याची जर्सी अगदी व्यवस्थित आहे. रेषेवर पुढचं चाक दुसऱ्याचं आहे.