वही मिटा, पिशवी घ्या

*"ताई, मी ४२ वर्षांची, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. वर्षभरात दोघं सोडून गेले, त्यांचं काम माझ्यावर आलं. घरी आले की मुलांवर खेकसते. रविवारी मिस्टर मिसळ खायला नेतात, तिचीही चव लागत नाही. पहाटे योगा, रात्री वहीत दिवसातल्या पाच चांगल्या गोष्टी लिहिणं, सगळं करून पाहिलं. अकराव्या दिवशी वही सुटली. लहानपणी दादांबरोबर बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजाराला जायचे, सायकलवर मागे बसून हरभरा सोलत यायचे. तसं आता काहीच वाटत नाही. माझंच काही चुकतंय का?"*
*— पाथर्डी फाट्याची एक*

बाई गं, आधी ती वही रद्दीत घाला. दिवसभर पार्टमधले दोष काढायचे आणि रात्री वही उघडून स्वतःचे, हा कसला आराम! पाच गोष्टी भरल्या नाहीत की तिथेही तुम्ही रिजेक्ट.

चुकतंय का, तर नाही. तीन माणसांचं काम एकटीने ओढल्यावर माणूस असाच होतो. थकवा, कामाचा वीट, 'आपल्याला काही जमत नाही' ही भावना, या तिन्हींना मिळून बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद घेतली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण म्हणून. तेव्हा पहाटेच्या योगाने तुमच्या डिपार्टमेंटला माणूस मिळणार नाही. साहेबांपुढे कामांची यादी ठेवा आणि विचारा, "यातलं या महिन्यात कोणतं नाही केलं तर चालेल?" 'जमत नाही' म्हणू नका, यादी पुढे सरकवा आणि गप्प बसा. ते गप्प बसणं अवघड आहे, पण तेच महत्त्वाचं.

आता हरभरा. दोन पानी पत्रात बाकी सगळं अक्षर घाईचं, त्या दोन ओळींत मात्र सुटं आणि गोल आलंय. मी ते दोनदा पाहिलं.

पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात बुधवारी सुटलात की घरी न जाता थेट गंगेवर जा. गाडी लांब लावावी लागेल, लावा. मुलांना नेऊ नका, फोटो काढू नका. हरभऱ्याची एक जुडी घ्या, तिथेच कडेला उभं राहून चार घाटे सोला. बोटांना ती आंबट खार लागते ना, ती लागू द्या. (मी गुडघ्यांपायी भाजी घरपोच मागवते. मेथीच्या मुळांना माती नसते, त्यामुळे ती मला मेथी वाटतच नाही.)

पहिल्या बुधवारी काहीही वाटणार नाही. चिखल, गर्दी, 'कशाला आले' एवढंच. तरी दुसऱ्या खेपेला जा. मन लागलं की जाईन म्हणत बसलात तर वर्ष जाईल. थकलेलं मन आधी उठत नाही, पाय उठले की मागून येतं. बरं वाटलं का, हे मात्र तिथे उभं राहून तपासू नका. तिथे तुम्ही क्वालिटीला नाही.

आणखी एक. चव जाणं, चिडचिड, थकवा यामागे हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडही असू शकतं, रक्त तपासून घ्या. झोप उडाली असेल, दोन-दोन आठवडे कशातच जीव रमत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर बाजार पुरणार नाही. डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

दादा आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर दुसरी जुडी त्यांच्यासाठी घ्या. सोलून देऊ नका, त्यांचं ते सोलतील.

— तुमची ताई