जेमी शेवटी सर्सीकडेच परत गेला, मग तो बदलला होता असं कसं म्हणायचं?

तुमचा मुद्दा थोडक्यात असा: 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्याच भागात जेमी लॅनिस्टर स्टार्क घराण्यातल्या लहानग्या ब्रॅनला खिडकीतून ढकलून देतो, पुढे हळूहळू माणसात येतो, आणि आठव्या सीझनमध्ये त्याच्यावर जीव असलेल्या, रडणाऱ्या ब्रिएन या लढवय्या बाईला मागे टाकून पुन्हा सर्सीकडे, म्हणजे त्याच्या जुळ्या बहिणीकडे आणि प्रेयसीकडे, निघून जातो. म्हणजे मधला सगळा बदल खोटा. स्टार्कांशी गद्दारी करून पुढे पस्तावलेल्या थिऑनचा बदल मात्र खरा, कारण तो शेवटपर्यंत टिकला.

मला हे पटत नाही. जेमी बदलला होता आणि चांगलाच बदलला होता. पण सर्सीवरचा त्याचा जीव त्या बदलात कधी आलाच नाही. निष्ठा आणि नीती ही दोन वेगळी खाती आहेत, आणि आपण त्याचा हिशोब एकाच वहीत मांडतो म्हणून शेवटी जमाखर्च जुळत नाही.

तिसऱ्या सीझनमधला हॅरेनहॉलच्या न्हाणीघरातला प्रसंग आठवा. उजवा हात तुटलेला, अंगात ताप, समोर ब्रिएन, आणि तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल उघड तिरस्कार. तेव्हा तो पहिल्यांदा कुणाला तरी सांगतो की त्याने स्वतःच्या राजाला मारलं त्या दिवशी काय घडलं. वेड्या राजा एरिसने राजधानीच्या शहराखाली ठिकठिकाणी वाइल्डफायर, म्हणजे भयंकर स्फोटक द्रव, पुरून ठेवलं होतं. जेमीचा बाप सैन्य घेऊन वेशीवर आला, तेव्हा राजाने जेमीला बापाचं डोकं आणायला सांगितलं आणि सगळ्यांना जाळून टाकायचा हुकूम दिला. जेमीने आधी आग लावणाऱ्याला मारलं, मग राजाला. शहर वाचलं, आणि त्याच्या नावाला 'किंगस्लेअर' (राजाचा मारेकरी) चिकटलं ते कायमचं. हे सांगता सांगता तो कोसळतो. ब्रिएन मदतीसाठी ओरडते ती सुद्धा 'किंगस्लेअर' म्हणूनच. आणि तिच्या हातांत अर्धवट शुद्धीत तो पुटपुटतो की माझं नाव जेमी आहे.

माझ्या मते या माणसाचा खरा झगडा हाच आहे. राजाची शपथ, बापाची आज्ञा, दुबळ्यांचं रक्षण, सगळं एकाच वेळी पाळायचं कसं? दुसऱ्या सीझनमध्ये ब्रॅनची आई कॅटलिन हिच्या कैदेत असताना तो हेच बोलून दाखवतो. एक वचन पाळायला गेलं की दुसरं मोडतं. तिसऱ्या सीझननंतर जेमीमध्ये जो बदल होतो, तो या गुंत्यात होतो. जगाने काय म्हटलं त्यापेक्षा आपण काय कबूल केलं, हे तो बघायला लागतो. ब्रिएनला वाचवायला अस्वलाच्या खड्ड्यात एका हाताने, निःशस्त्र उडी मारतो. कॅटलिनला तिच्या मुलींबद्दल दिलेला शब्द पाळण्यासाठी ब्रिएनला स्वतःची तलवार ओथकीपर देऊन तिची मुलगी सान्साच्या शोधात पाठवतो. सातव्या सीझनच्या शेवटी सर्सी मृतांच्या फौजेशी लढायला उत्तरेला सैन्य पाठवायचं कबूल करून फिरते, तेव्हा तो एकटा निघतो, कारण शब्द त्यानेही दिलेला असतो. हे सगळं खोटं होतं असं म्हणायचं?

पण याच काळात सर्सीच्या बाबतीत तो तसूभरही हललेला नाही, हे मालिका लपवत नाही. सहाव्या सीझनचा आठवा भाग त्यासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. रिव्हररन किल्ल्याच्या वेढ्यात ब्रिएन भेटते, ओथकीपर परत करू पाहते, तर तो म्हणतो तलवार तुझीच आहे, कायम तुझीच राहील. त्यानंतर थोड्याच वेळात तो तंबूत कैदी एडम्युअरसमोर, म्हणजे कॅटलिनच्या भावासमोर, बसतो आणि शांतपणे सांगतो की मला फक्त सर्सीकडे परत जायचंय, त्यासाठी तुझ्या तान्ह्या बाळाला यंत्रातून किल्ल्यावर फेकावं लागलं तरी फेकेन. एडम्युअर त्याला विचारतो की तू स्वतःला सभ्य माणूस समजतोस का. तलवारीचं आणि बाळाचं, ही दोन्ही वाक्यं एकाच भागात जेमीच्याच तोंडी आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. ज्याने तो तंबू नीट पाहिला, त्याला आठव्या सीझनमध्ये तो परत गेल्याचा धक्का बसू नये.

म्हणून त्याचं परत जाणं मला मान्य आहे. वाईट वाटलं, ब्रिएनसाठी तर फारच, पण मान्य आहे.

मला मान्य नाही ते वेगळंच. आठव्या सीझनच्या पाचव्या भागात धाकटा भाऊ टिरियन त्याला शहरातल्या निरपराध लोकांची आठवण करून देतो, आणि जेमी म्हणतो की मला त्यांची कधीच फारशी पर्वा नव्हती. हे वाक्य त्याच्या तोंडी शोभत नाही. ज्या कृत्यापायी तो आयुष्यभर बदनाम झाला, ते त्याने त्या लोकांसाठीच केलं होतं! सर्सीसाठी मरायला निघालेला जेमी मी समजू शकतो, पण न्हाणीघरात थरथरत बोललेला जेमी एका वाक्यात पुसून टाकायचा अधिकार लेखकांना नव्हता.

आणि ही चूक त्या भागात सुरू झालेली नाही. सहाव्या सीझनच्या शेवटी सर्सी बेलरचं सेप्ट, म्हणजे राजधानीतलं मोठं देऊळ, वाइल्डफायरने उडवून देते. तेच वाइल्डफायर, तेच शहर. जे होऊ नये म्हणून जेमीने राजाच्या पाठीत तलवार खुपसली, ते त्याच्या लाडक्या बहिणीने करून दाखवलं. तो शहरात परततो, धूर बघतो, तिला सिंहासनावर बसताना बघतो. त्याची निष्ठा आणि त्याची नीती समोरासमोर उभी करायची यापेक्षा मोठी संधी आठ सीझनमध्ये दुसरी नव्हती. पण सातव्या सीझनमध्ये तो तिला याचा जाबच नीट विचारत नाही. त्यांच्या मेलेल्या मुलाबद्दल, टॉमेनबद्दल बोलणं होतं, युद्धाबद्दल होतं, पण एरिसचं नाव घेऊन तो तिच्यासमोर उभा राहत नाही. तेवढा एक प्रसंग लिहिला असता, तर त्याने तिला निवडलं काय किंवा सोडलं काय, दोन्ही पचलं असतं.

आता थिऑन. त्याचाही बदल सरळ रेषेत झालेला नाही. सातव्या सीझनमध्ये काका युरॉनने याराच्या गळ्याला कुऱ्हाड लावली, तेव्हा हाच थिऑन बहिणीला सोडून समुद्रात उडी मारतो. तेव्हाही लोक चिडले होते. मग त्याला पुढे वेळ मिळाला: लहानपणी सोबत वाढलेल्या जॉनशी बोलणं झालं, याराला सोडवलं, आणि स्टार्कांच्या विंटरफेल किल्ल्यात ब्रॅनचं रक्षण करताना तो गेला. जेमीचं माघारी फिरणं शेवटच्या टप्प्यावर आलं आणि त्यापुढे त्याला आयुष्यच उरलं नाही. प्रसंगांचा क्रम उलटा असता, आधी सर्सीकडे पळून जाणं आणि नंतर विंटरफेलची लढाई, तर आपण दोघांना एकाच मापाने मोजलं असतं असं मला वाटतं.

पुन्हा बघणार असाल तर सहाव्या सीझनचा शेवटचा भाग आणि सातव्याचा पहिला लागोपाठ बघा. जेमीने सर्सीला तिथे काय विचारायला हवं होतं, ते तुमच्या शब्दांत लिहा. मला वाचायला मनापासून आवडेल.