टाचेवरचा काळा डाग, बिब्बा आणि हळदीचं दूध

त्वचेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डॉक्टर, आम्ही दिवाळे कोळीवाड्यात राहतो. नवरा विजेच्या मीटरचं रीडिंग घेतो, दिवसभर उन्हात. मोबाइलवर संदेश आला की रोज हळदीचं दूध, कडुनिंबाचा रस आणि ग्रीन टी घेतला तर कातडीचा कॅन्सर होत नाही. अमेरिकेने हळदीचं पेटंट उगाच घेतलं नव्हतं. मी त्यांना तिन्ही सुरू केलंय. बरोबर आहे ना? दुसरं असं, की सासूबाईंच्या उजव्या टाचेवर काळा डाग आहे. त्यांनी जन्मभर मासळी विकली, अनवाणी पुष्कळ चालल्या. भोवरी म्हणून लक्ष दिलं नाही, पण वर्षभरात तो वाढलाय, मधूनच ओलावतो. शेजारच्या काकूंनी बिब्बा गरम करून लावला, आता खपली धरलीय. दवाखान्यात सुई लावली की पसरतं म्हणून त्या यायला तयार नाहीत.

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही. बिब्बा आजपासून बंद. खपली ओढू नका, पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाका आणि याच आठवड्यात त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. वाशीच्या महापालिका रुग्णालयात दाखवता येईल. डाग वर्षभरात वाढलाय आणि ओलावतो, हे पहिल्या वाक्यात सांगा. बिब्बा लावल्याचंही सांगा. कातडी भाजली की डागाचं मूळ रूप कळत नाही, डॉक्टरांना ते ठाऊक हवं.

डाग साधाही निघेल. भोवरीत रक्त साकळलं तरी ती काळी दिसते. पण मेलानोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग गोऱ्या माणसांत पाठीवर, पायांवर, उन्हाच्या जागी होतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांत झालाच तर बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. या जागांवरच्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच रोग सापडला. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. आपण मात्र तळव्याकडे बघतच नाही, आणि म्हणून माझ्याकडे असे पाय उशिरा येतात. याचं मला फार वाईट वाटतं.

काय बघायचं? डागाच्या दोन बाजू सारख्या नसणं, कडा विस्कटलेल्या असणं, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे रंग, सहा मिलिमीटरच्या पुढे वाढ, ओल किंवा रक्त. नखातली काळी रेघ आपल्याकडे पुष्कळांना असते आणि बहुतेकदा निरुपद्रवी असते. पण ती एकाच नखात असेल, रुंद होत असेल, रंग नखाच्या बुडाशी कातडीवर उतरला असेल, तर दाखवायलाच हवी.

आता बिब्बा. काजू आणि आंब्याच्याच कुळातलं हे झाड. काजूच्या टरफलाचं तेल लागून हात उततात, तसा बिब्बाही उततो. त्याने कातडीचा वरचा थर जळतो, खपली पडते, डाग गेला असं वाटतं. मेलानोमा असेल तर त्याच्या पेशी त्या खपलीखाली खोल उतरत राहतात. या रोगात सगळं खोलीवर ठरतं. एक मिलिमीटरहून कमी खोल असताना कापून काढला तर बहुतेक माणसं बरी होतात. चुना आणि सोडा लावून तीळ किंवा चामखीळ जाळण्यातही हाच धोका आहे. अमेरिकेत ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचं काळं मलम असंच विकलं जातं. वर व्रण भरला आणि खाली कर्करोग वाढत राहिला, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

सासूबाईंना पुढचं मोठ्याने वाचून दाखवा. मावशी, कल्ला उघडून पाहिल्याशिवाय शहाणं गिऱ्हाईक मासळी घेत नाही. बायोप्सी म्हणजे तेवढंच, आत काय आहे ते पाहणं. जागा बधिर करतात, सगळा डाग किंवा त्याचा तुकडा काढतात, टाके घालतात, आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. सुईने हा रोग पसरत नाही. न दाखवता दिवस काढले की पसरतो. काही निघालंच, तर टाटाचं कर्करोग केंद्र खारघरला आहे, तुमच्या घरापासून लांब नाही.

आता नवऱ्याचं. हळदीचं ते पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं ते जखम भरण्यासाठी, कॅन्सरसाठी नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, हे ज्ञान आपल्याकडे जुनंच आहे असं कागदोपत्री दाखवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मला त्याचा अभिमान आहे, पण त्यावरून कॅन्सर टळतो असं ठरत नाही. उंदरांच्या कातडीला हळदीतलं कर्क्युमिन लावलं तेव्हा गाठी कमी झाल्या, ग्रीन टी पिणाऱ्या उंदरांतही तसं दिसलं. हे प्रयोग खरे आहेत. माणसाच्या पोटात गेलेलं कर्क्युमिन मात्र रक्तात फार थोडं उतरतं, आणि हळदीच्या दुधाने माणसात त्वचेचा कर्करोग टळला, असं कुणीही दाखवून दिलेलं नाही.

उंदरावरून माणसाकडे उडी मारता येत नाही, हे आधीही दिसलंय. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनवर अशाच आशा होत्या. अमेरिकेत आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १,८०५ लोकांवर प्रयोग झाला, अर्ध्यांना रोज पन्नास मिलिग्रॅमची गोळी पाच वर्षं दिली. १९९० मध्ये निष्कर्ष आला: नवे कर्करोग दोन्ही गटांत सारखेच. दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शेराच्या कुळातलं, तसाच पांढरा चीक असलेलं एक लहान तण आहे. त्याचा चीक लोक चामखिळीवर लावत. त्यातलं द्रव्य शुद्ध करून उन्हाने झालेल्या कर्करोगपूर्व खरखरीत डागांसाठी जेल तयार झालं, २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे, लावलेल्या जागीच त्वचेचे कर्करोग जास्त होताना दिसले आणि २०२० मध्ये युरोपने ते बाजारातून काढलं. झाडातून आलेल्या औषधाचीही अशी तपासणी लागते. सोसायटीच्या कुंडीतल्या सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन मिळतं, ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. तिची पानं चावणं हा उपचार नव्हे, त्याने विषबाधा होऊ शकते.

तेव्हा हळदीचं दूध आवडीने प्यावं. कडुनिंबाची पाडव्याला खातो तेवढी पानं पुरेत, रोजचा रस बंद करा. ग्रीन टीचे पैसे पूर्ण बाह्यांच्या सुती शर्टांत घाला. मान झाकणारा रुमाल, गाडीवरून उतरल्यावर रुंद काठाची टोपी, आणि साहेबांना विचारून जमेल तितकं काम अकराच्या आत किंवा तीननंतर. चेहऱ्याला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावलं तर उत्तम. ऑस्ट्रेलियातल्या नाम्बूर गावी १,६२१ लोकांच्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. ती माणसं गोरी होती, आपला धोका मुळात कमी. म्हणून मी आधी शर्ट सांगते, मग क्रीम.

प्रश्न: मी नौपाड्यात राहतो, वय सव्वीस. हातावर आणि ओठाजवळ कोड आहे. बावचीचं तेल लावून सकाळी गच्चीत उन्हात बसतो. फोड आलेत. एका वैद्यांच्या पुड्याही घेतो, त्यात काय आहे ते सांगत नाहीत. आयुर्वेदिक आहे म्हणजे कॅन्सरची भीती नाही ना?

उत्तर: बावचीत सोरालेन असतं. त्याने कातडी ऊन जास्त धरते, रंग परततो तो त्यामुळेच. दवाखान्यातला पुवा उपचार याच तत्त्वावर चालतो, पण तिथे किरण मोजून देतात. तरीही वर्षानुवर्षं पुवा घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत त्वचेचे कर्करोग वाढलेले दिसले. गच्चीत मोजमाप नाही, आणि कोडाच्या जागी तर रंगाचं संरक्षणही नाही. फोड बरे होईपर्यंत तेल आणि ऊन दोन्ही बंद ठेवा. ओठाजवळ ते पुन्हा लावूच नका. सोरालेनशिवाय नुसत्या अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबी या अतिनील किरणांनीही कोडावर चांगला उपचार होतो.

पुड्यांची मला जास्त काळजी वाटते. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या सत्तर आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. चौदांत शिसं, पारा किंवा सोमल म्हणजे आर्सेनिक सापडला. सोमल वर्षानुवर्षं पोटात गेला की तळहात-तळपायांवर खरखरीत ठिपके येतात आणि त्वचेचा कर्करोगही होतो, पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातून तो लोकांना झाला. वैद्यांकडून घटक लिहून मागा. देत नसतील तर पुड्या थांबवा. कळव्याच्या रुग्णालयात त्वचाविभागात जा, आणि जाताना तेलाची बाटली आणि उरलेल्या पुड्या बरोबर न्या.