कॅमेरा उचलण्यात कमीपणा कसला?

आपले दोन पानी पत्र वाचले. पत्रकारितेची पदवी घेतलेल्या आपल्या मुलीला एका लहान शहरातील वृत्तवाहिनीने बातमीदाराची नोकरी देऊ केली आहे आणि तिथे चित्रीकरण, संकलन, निवेदन हे सारे तिलाच करावे लागणार आहे. इतके शिकून कॅमेरा वाहण्यापेक्षा तिने वर्षभर घरी थांबावे आणि मोठ्या वाहिनीत निवेदिका होण्याचा प्रयत्न करावा, असे आपल्याला वाटते.

मला खटकले ते वेगळेच. नातेवाईक काय म्हणतील, हे पत्रात तीनदा आले आहे. मुलीला काय वाटते, हे एकदाही नाही. तिला जायचे आहे की नाही, एवढेही मला पत्रावरून कळले नाही. ज्या मुलीने अनोळखी माणसांना अवघड प्रश्न विचारून पोट भरायचे, तिला घरातच उत्तर देण्याची संधी मिळू नये, हे मला योग्य वाटत नाही.

निवेदन म्हणजे नीटनेटके दिसून वाचणे, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. टेलिप्रॉम्प्टरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या पडद्यावर सरकणारा मजकूर वाचणे हा त्या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. बुलेटिन चालू असताना मोठी घटना घडली की लिहिलेला मजकूर संपतो, निर्माता कानात दोन शब्द सांगतो आणि पुढची दहा मिनिटे निवेदकाला स्वतःच्या जाणकारीवर निभावून न्यावी लागतात. ही जाणकारी न्यायालयाच्या आवारात, नगरपालिकेच्या सभेत, आग लागलेल्या इमारतीसमोर उभे राहूनच येते. स्वतः संकलन करणाऱ्या बातमीदाराला तर वीस मिनिटांच्या मुलाखतीतील कोणती पंधरा सेकंदांची बाइट, म्हणजे बातमीत वापरायचा बोलण्याचा तुकडा, लागणार, हे मुलाखत चालू असतानाच उमगते.

अमेरिकेत हा रुळलेला मार्ग आहे: तिथे निल्सन ही प्रेक्षकसंख्या मोजणारी कंपनी देशाचे २१० टीव्ही विभाग मानते, आणि अनेक नवखे बातमीदार छोट्या विभागात सुरुवात करून पुढे सरकतात. पुढे टीव्हीवरील मुलाखतींच्या कार्यक्रमामुळे जगप्रसिद्ध झालेल्या ओप्रा विन्फ्री यांना १९७६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, नॅशव्हिलहून बाल्टिमोरला सायंकाळच्या बातम्यांच्या सहनिवेदिकेची खुर्ची मिळाली आणि काही महिन्यांतच ती हातची गेली. मोठी खुर्ची लवकर मिळणे आणि ती टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपण विचारलेल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षा दोन वर्षांनीही देता येतील. पगार कमी असेल, पहाटेच्या बुलेटिनसाठी रात्रीच कामावर जावे लागेल, ही आपली काळजी मात्र रास्त आहे. म्हणून करार किती काळाचा, तो मोडल्यास दंड किती, रात्री ये-जा करण्यासाठी वाहन मिळेल का आणि केलेल्या बातम्यांच्या प्रती जवळ ठेवता येतील का, हे सही करण्याआधी तिने लेखी विचारून घ्यावे. शेवटचा प्रश्न अजिबात विसरू नये. पुढची वाहिनी गुणपत्रिकेच्या आधी तिची शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत, पाहील.

नेमणूकपत्राची प्रत मला जरूर पाठवा. सोबतचे पत्र मात्र तिने लिहिलेले असावे.